भौतिक सेंद्रिय रसायनशास्त्र हा स्वतंत्र विषय राहावा का?

धागा – पंचगंगाकाठ, कोल्हापूर
अभिक्रिया कोणत्या मार्गाने व किती वेगाने घडते हे शोधणाऱ्या या शाखेचे नाव लुई हॅमेट यांच्या १९४० सालच्या ग्रंथाने रुजवले. स्वतंत्र शाखा म्हणून तिचे काम आता संपले, असे माझे मत आहे. नॉरबॉर्निल धन आयन या धनभारित कार्बनी कणाच्या रचनेवरून विन्स्टाइन आणि एच. सी. ब्राऊन या रसायनशास्त्रज्ञांत वर्षानुवर्षे जुंपली होती. २०१३मध्ये त्याचे क्ष-किरण स्फटिकचित्र मिळाले आणि उरलासुरला संशयही फिटला. संक्रमण अवस्थेची, म्हणजे अभिक्रियेच्या वाटेवरच्या सर्वांत उंच टप्प्याची, ऊर्जा संगणक काढून देत असताना आपल्या एमएस्सीच्या मुलांनी हॅमेटचे आलेख (रेणूवरच्या गटांचा वेगावरचा परिणाम दाखवणारे) का घोटावेत?

प्रतिसाद – साखर केमिस्ट
आकडा मिळाला म्हणजे उत्तर मिळाले, हे गृहीतकच मला मान्य नाही. विल्हेल्मी यांनी १८५०मध्ये आम्लात साखर किती वेगाने फुटते ते पोलॅरिमीटरने, म्हणजे द्रावण प्रकाश किती वळवते ते दाखवणाऱ्या उपकरणाने, मोजले. त्याच उपकरणावर आमच्या लॅबमध्ये आज उसाच्या रसाचा पोल, म्हणजे त्या वळणावरून ठरवलेले साखरेचे प्रमाण, काढतात. तोडलेला ऊस कारखान्याच्या गव्हाणीपर्यंत पोहोचायला उशीर झाला की सुक्रोज फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज होते व पोल घसरतो. मात्र त्याच शिळ्या उसात जिवाणूंनी डेक्स्ट्रान (ग्लुकोजच्या लांब साखळ्यांचा चिकट पदार्थ) तयार केले, तर तेही सुक्रोजप्रमाणे प्रकाश उजवीकडेच वळवत असल्याने पोल खोटा फुगतो. आत काय घडते आहे हे न विचारणारा माणूस त्या आकड्यावर खूश होऊन बसेल.

प्रतिसाद – पंचगंगाकाठ
केमिस्टसाहेब, यातून विषयाचे महत्त्व सिद्ध होते, स्वतंत्र पेपरची गरज नव्हे. हेच सारे उत्प्रेरण किंवा औषधरसायन शिकवताना सांगता येईल.

प्रतिसाद – गणनकार
मी संगणकावरच काम करतो, तरीही केमिस्टसाहेबांच्या बाजूने आहे. खोलीच्या तापमानाला अभिक्रियेला ओलांडाव्या लागणाऱ्या अडथळ्याच्या ऊर्जेत मोलमागे सुमारे १.४ किलोकॅलरीची चूक झाली तर वेग दहापट चुकतो, आणि द्रावक मध्ये आला की एवढी चूक सहज होते. ती पकडायला समस्थानिक परिणामासारखे प्रयोगच लागतात. हायड्रोजनच्या जागी ड्युटेरियम हा त्याचा जड समस्थानिक घातल्याने बंध सावकाश तुटतो, या जुन्या निरीक्षणावर बेतलेले ड्युटेट्राबेनाझिन हे औषध २०१७मध्ये अमेरिकेत मंजूर झाले. 'औषधरसायनात सांगता येईल' म्हणता; पण तिथे वेळ अपुरा पडला की आधी मेकॅनिझमच, म्हणजे अभिक्रिया कशी घडते हा भाग, वगळला जातो.

प्रतिसाद – पंचगंगाकाठ
वगळला जातो हे खरे. तरीही पेपर ठेवायचाच असेल तर आलेख घोटण्याऐवजी मुलांना आम्लातल्या साखरेचा वेग प्रत्यक्ष मोजायला लावा. एवढ्या अटीवर माझा विरोध सौम्य होईल.