मदत हवी आहे: दुकानाच्या बिलिंग सॉफ्टवेअरसाठी एसक्यूएल सर्व्हर एक्स्प्रेस सोडून पोस्टग्रेसवर जावं का?

विहंग

नमस्कार मंडळी. आमचं कृषी सेवा केंद्रांसाठी बिलिंग आणि स्टॉकचं सॉफ्टवेअर आहे. सी शार्प, डॉट नेट फ्रेमवर्क ४.८ आणि मायक्रोसॉफ्टचा मोफत डेटाबेस एसक्यूएल सर्व्हर २०१९ एक्स्प्रेस. सगळं दुकानातल्याच विंडोज पीसीवर चालतं, ८ जीबी रॅम, दोन-तीन काउंटर. जुन्या ग्राहकांपैकी काहींचा डेटाबेस १० जीबीच्या मर्यादेला टेकला आणि ऐन खरिपात बिल सेव्ह होईना. विकतच्या स्टँडर्ड आवृत्तीचा खर्च दुकानदाराला झेपणारा नाही. म्हणून पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या ओपन सोर्स (कोड सगळ्यांना खुला असलेल्या) डेटाबेसचा विचार चालू आहे. प्रश्न असे:

१. फुकट आहे, याखेरीज ओपन सोर्स घेण्याला काय कारण? साहेब विचारतात, अडलं तर फोन कुणाला लावायचा?
२. आमचा कोड बंद आहे. तो उघडा करावा लागेल का?
३. बदलताना नेमकं काय मोडतं?

अंकगणित

आधी मोजा, मग हलवा. एक्स्प्रेस २०१९ची १० जीबीची मर्यादा एका डेटाबेसच्या डेटा फाइलवर आहे, लॉग फाइल (बदलांची नोंद) त्यात धरत नाहीत. एसपी_स्पेसयूज्ड प्रत्येक टेबलवर चालवा आणि जागा कोण खातंय ते बघा. बहुतेक वेळा बिलं-पावत्या नसतात. एखाद्या व्हारबायनरी (फाइल साठवायच्या) कॉलमात फोटो, पीडीएफ नाहीतर ऑडिट लॉग साठलेला असतो.

२०१६च्या सर्व्हिस पॅक १ पासून एक्स्प्रेसमध्येही पेज कॉम्प्रेशन (डेटा दाबून साठवणं) मिळतं. देवनागरी नावांच्या एनव्हारकॅर (युनिकोड मजकुराच्या) कॉलमांना त्याचा चांगला फायदा होतो, जागा निम्म्यावर येऊ शकते. फक्त एनव्हारकॅर मॅक्स असलेल्या कॉलमांना हा फायदा मिळत नाही. सध्या अडलेल्या ग्राहकांना एवढ्यावर हंगाम काढता येईल.

पोस्टग्रेसवर गेल्यावर डेटा आपोआप आटोपशीर होईल असं मात्र समजू नका. तिथे मजकूर यूटीएफ-८ मध्ये राहतो, म्हणजे देवनागरीच्या एका अक्षरचिन्हाला ३ बाइट. एनव्हारकॅरमध्ये २ लागतात. शिवाय प्रत्येक ओळीमागे २३ बाइटचं हेडर आणि ४ बाइटचा पॉइंटर. डेटाबेस फुगूही शकतो. मर्यादा नसल्यामुळे अडणार नाही इतकंच, डिस्क आणि बॅकअपचा हिशोब तुम्हालाच करायचा आहे.

सह्यवारा

पहिल्या दोन प्रश्नांबद्दल.

फोन कुणाला, हा प्रश्न रास्त आहे. पण आज एक्स्प्रेस चालवताना तरी तुम्ही कुणाला फोन लावता? सपोर्टचा करार वेगळा घ्यावाच लागतो. पोस्टग्रेससाठी असे पैसे घेऊन आधार देणाऱ्या अनेक कंपन्या आहेत, आणि एकीशी पटलं नाही तर दुसरी गाठता येते, कारण कोड सगळ्यांकडे तोच आहे. प्रत्येक मोठ्या आवृत्तीला ५ वर्षं दुरुस्त्या मिळतात.

प्रोग्रामरच्या बाजूने खरा फायदा कुठे दिसतो त्याचं एक उदाहरण. विंडोजवर पोस्टग्रेस अधूनमधून दहा सेकंद गप्प बसतं आणि मग फाइलचं नाव बदलता आलं नाही, परवानगी नाही, असा संदेश लॉगमध्ये येतो. बंद सॉफ्टवेअर असतं तर इथून पुढे अंदाजच. इथे सोर्समधल्या पोर्ट फोल्डरातली डर-मॉड नावाची सी फाइल उघडायची. त्यात पीजी-रीनेम फंक्शन आहे. ते नाव बदलायचा प्रयत्न करतं, दुसऱ्या कुणी फाइल धरून ठेवली असेल तर ०.१ सेकंद थांबतं, असं १०० वेळा करतं आणि मग हार मानतं. वर कॉमेंटमध्ये कारणही दिलंय: कायमचं थांबलं तर मागे बाकीचे बॅकएंड (इतर जोडण्यांची कामं करणाऱ्या प्रक्रिया) अडकून पडतील. म्हणजे दहा सेकंद कुठून आले ते कळलं आणि फाइल धरणारा कोण ते शोधायची दिशा मिळाली. बहुतेकदा तो अँटिव्हायरस असतो. पोस्टग्रेसचं डेटा फोल्डर त्याच्या तपासणीतून वगळा, हे इन्स्टॉलरच्या यादीत लिहूनच ठेवा.

आता लायसन्स. पोस्टग्रेसचं लायसन्स बीएसडी-एमआयटीच्या घराण्यातलं आहे. तुमच्या इन्स्टॉलरमध्ये बांधून द्या, पैसे घ्या, कोड बंद ठेवा, सगळं चालतं. कॉपीराइटची सूचना आणि लायसन्सचा मजकूर सोबत ठेवायचा. एनपीजीएसक्यूएल या डॉट नेट ड्रायव्हरलाही तेच लायसन्स.

मायएसक्यूएलचं तसं नाही. सर्व्हर जीपीएल (सोबत बांधून वाटलेला कोडही खुला करायला लावणारं लायसन्स) आवृत्ती २ मध्ये, ओरॅकलचा स्वतःचा डॉट नेट कनेक्टरही जीपीएलमध्ये, आणि त्यातली सवलत ओपन सोर्स प्रकल्पांपुरती. बंद सॉफ्टवेअरसोबत ग्राहकाला द्यायचं तर ओरॅकलकडून व्यावसायिक लायसन्स घ्या किंवा एमआयटी लायसन्सचा मायएसक्यूएल-कनेक्टर वापरा, आणि सर्व्हर कसा वाटायचा ते वकिलाला दाखवून घ्या.

मालकी कुणाकडे, हेही बघाच. मायएसक्यूएल २००८ मध्ये सन या कंपनीकडे गेलं आणि २०१० मध्ये सनसकट ओरॅकलकडे. रेडिस या दुसऱ्या डेटाबेसच्या मालक कंपनीने मार्च २०२४ मध्ये बीएसडी लायसन्स काढून घेतलं. त्यानंतर लिनक्स फाउंडेशनच्या छताखाली व्हाल्की हा फाटा (जुन्या कोडवरून वेगळा चालवलेला प्रकल्प) निघाला, आणि मे २०२५ मध्ये रेडिस ८ला एजीपीएलचा (जीपीएलच्या आणखी कडक रूपाचा) पर्याय आला. जुना कोड कुणी हिरावून घेऊ शकलं नाही म्हणूनच व्हाल्की शक्य झालं. बंद सॉफ्टवेअरच्या अटी बदलल्या की ग्राहकाच्या हातात असा फाटा काढणं नसतं. पोस्टग्रेसचे हक्क एका कंपनीकडे एकवटलेले नाहीत. माझ्या लेखी किमतीपेक्षा हे कारण मोठं आहे, आणि साहेबांनाही हेच सांगा.

पाटी_पेन्सिल

तिसऱ्या प्रश्नाबद्दल. टेबलं हलवणं सोपं आहे. पीजीलोडर हे साधन एसक्यूएल सर्व्हरमधून थेट वाचतं. जुनं टी-एसक्यूएल (एसक्यूएल सर्व्हरची बोली) जसंच्या तसं चालवणारं बॅबलफिश मूळ पोस्टग्रेसवर बसत नाही, त्याला बदललेलं पोस्टग्रेस लागतं. दुकानातल्या पीसीसाठी ते विसरा. वेळ खातो तो वागणुकीतला फरक.

प्रकार: मनीऐवजी न्युमरिक १९,४. डेटटाइमऐवजी टाइमस्टँप. बिटऐवजी बूलियन. आयडेंटिटी (आपोआप वाढणारा क्रमांक) तिथेही आहे, पण डेटा भरून झाल्यावर सेटव्हॅल चालवून तो क्रमांक देणारा सीक्वेन्स सगळ्यात मोठ्या आयडीच्या पुढे न्यायला हवा. हे राहिलं की पहिल्याच नव्या बिलाला डुप्लिकेट कीची चूक येते.

इंग्रजी लहान-मोठी अक्षरं: एसक्यूएल सर्व्हर नेहमीच्या कोलेशनमध्ये (तुलनेच्या आणि क्रमाच्या नियमांत) दोन्ही सारखी मानतो, पोस्टग्रेस वेगळी मानतं. ग्राहकाचा कोड एकदा लहान आणि एकदा मोठ्या लिपीत टाकला गेला की दोन खाती तयार होतात. त्या कॉलमांना सीआयटेक्स्ट हा प्रकार द्या आणि शोधायला आयलाइक वापरा.

युनिक इंडेक्स (दुबार किंमत रोखणारा) आणि नल (रिकामी किंमत): एसक्यूएल सर्व्हरमध्ये एकच नल बसतो, पोस्टग्रेसमध्ये कितीही. जुनी वागणूक हवी असेल तर आवृत्ती १५ पासून नल्स नॉट डिस्टिंक्ट लिहिता येतं.

ट्रान्झॅक्शन (एकतर सगळं सेव्ह होतं नाहीतर काहीच नाही, असा कामांचा गट): सगळ्यात जास्त त्रास इथे होतो. एसक्यूएल सर्व्हरमध्ये इन्सर्टला डुप्लिकेट की आडवी आली तर एरवी ते एक वाक्य पडतं आणि ट्रान्झॅक्शन पुढे चालू राहतं. पोस्टग्रेसमध्ये एक वाक्य पडलं की अख्खं ट्रान्झॅक्शन बाद; रोलबॅक (केलेलं सगळं मागे घेणं) होईपर्यंत पुढचं काहीच ऐकलं जात नाही. तुमच्या कोडमध्ये 'इन्सर्ट करून बघ, नाही जमलं तर अपडेट कर' असं ट्राय-कॅच जिथे जिथे असेल तिथे ऑन कॉन्फ्लिक्ट लिहा, नाहीतर सेव्हपॉइंट (मधला परतीचा टप्पा) टाका. कोडमधले सगळे कॅच ब्लॉक शोधून वाचण्याला पर्याय नाही.

वेळ: गेटडेटच्या जागी नाऊ लिहिलं तर ट्रान्झॅक्शन सुरू झाल्याची वेळ मिळते, त्या क्षणाची नाही. त्या क्षणाची हवी तर क्लॉक_टाइमस्टँप.

ड्रायव्हर: फ्रेमवर्क ४.८ वर असाल तर एनपीजीएसक्यूएल ८ च्या पुढे जाता येणार नाही, ९ ने तो आधार काढला. आणि ६ पासून टाइमझोनसह टाइमस्टँपमध्ये यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ) नसलेला डेटटाइम पाठवला की अपवाद फेकला जातो. एका दुकानापुरतं, एकाच वेळेचं सॉफ्टवेअर असेल तर टाइमझोनशिवायचा टाइमस्टँप ठेवा.

बिल क्रमांक आयडेंटिटीवर काढत असाल तर ही सुधारायची संधी आहे. रोलबॅक झालेला क्रमांक दोन्हीकडे वाया जातो, आणि जीएसटीच्या नियम ४६ प्रमाणे क्रमांक सलग लागतो, तोही १६ अक्षरांच्या आत. मालिका आणि आर्थिक वर्षामागे एक ओळ असलेलं वेगळं टेबल करा. बिल सेव्ह होतं त्याच ट्रान्झॅक्शनमध्ये त्या ओळीवर अपडेट करून रिटर्निंगने नवा क्रमांक घ्या. दुसरा काउंटर तेवढ्यापुरता थांबेल आणि बिल फसलं तर क्रमांकही मागे येईल. हे अपडेट ट्रान्झॅक्शनच्या शेवटी ठेवा, म्हणजे थांबणं कमी.

सेटिंग: शेअर्ड बफर्स (पोस्टग्रेसने स्वतःसाठी राखलेली रॅम) मुळात १२८ एमबी असतात. एकट्या सर्व्हरला रॅमचा चौथा हिस्सा देतात, पण तुमच्याकडे त्याच पीसीवर बाकीचंही चालतं, तेव्हा १ जीबी ठीक. एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर उतरल्याची खात्री करणं) कधीही बंद करू नका, वेग वाढतो असं कुणी कितीही सांगितलं तरी. दुकानात वीज जाते, आणि एफसिंक बंद असताना वीज गेली तर डेटाबेस उघडेलच याची खात्री नाही. चेकसम (डिस्कवरचा डेटा बिघडला का ते ओळखणारी पडताळणी) आवृत्ती १८ पासून आपोआप चालू असतात, आधीच्या आवृत्तीत डेटाबेस तयार करतानाच चालू करा.

बॅकअप: चालू सर्व्हरचं डेटा फोल्डर पेनड्राइव्हवर कॉपी करणं म्हणजे बॅकअप नव्हे. पीजी_डंप कस्टम फॉरमॅटमध्ये, टास्क शेड्युलरवरून रोज रात्री. आणि दर महिन्याला त्यातली एक फाइल रिकाम्या डेटाबेसवर पीजी_रीस्टोअरने उतरवून बिलांची संख्या व बेरीज जुळते का ते बघा.

विहंग

मंडळी, मनापासून आभार. अंकगणित म्हणतात तसं मोजलं. बहुतेक जागा एकाच टेबलची, प्रत्येक बिलाची पीडीएफ आम्ही त्यात ठेवतो. हे कळल्यावर पोस्टग्रेसची गरजच संपली का? पीडीएफ आयटेक्स्टशार्प ५ ने बनवतो, ते ओपन सोर्सच आहे.

सह्यवारा

थांबा, आधी या आयटेक्स्टशार्पचं बघा. डेटाबेसपेक्षा ते तातडीचं आहे.

आयटेक्स्ट (आयटेक्स्टशार्प हे त्याचंच डॉट नेट रूप) आवृत्ती ५ पासून एजीपीएलमध्ये आहे. बंद सॉफ्टवेअरमध्ये बांधून ग्राहकाला द्यायचं तर व्यावसायिक लायसन्स विकत घ्या, नाहीतर तुमचा कोड त्याच अटींवर खुला करा. तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर पोस्टग्रेसमुळे 'नाही' आहे, पण या एका डीएलएलमुळे आज ते 'हो' आहे. ४.१.६ ही आवृत्ती एलजीपीएल-एमपीएल या सैल अटींच्या लायसन्समध्ये होती. ती जुनी झाली, पण तिच्यावरून काढलेला एलजीपीएल फाटा उपलब्ध आहे.

पॅकेजेस डॉट कॉन्फिग (वापरलेल्या पॅकेजची यादी) उघडा आणि प्रत्येक पॅकेजसमोर लायसन्स लिहून काढा, आवृत्तीसकट. आवृत्ती महत्त्वाची. एक्सेलसाठीचं ईपीप्लस ४.५ एलजीपीएलमध्ये आहे, ५ पासून धंद्यासाठी पैसे पडतात. त्याच कामाला क्लोज्ड-एक्सएमएल एमआयटीमध्ये मिळतं. अपडेटचं बटण दाबताना लायसन्स बदललं का हे कुणीच बघत नाही आणि घोळ तिथेच होतो.

पाटी_पेन्सिल

पीडीएफला पर्याय निवडताना बिलावर मराठी छापता का ते सांगा. पीडीएफशार्प एमआयटीमध्ये आहे, पण ते देवनागरीची जोडाक्षरं जुळवत नाही. 'शक्ती' लिहिलं तर क चा पाय मोडलेला दिसतो आणि 'किसान'मधली पहिली वेलांटी क च्या नंतर जाऊन बसते. आयटेक्स्टमध्ये हे काम करणारा भाग वेगळा विकत घ्यावा लागतो. क्वेस्ट-पीडीएफ अक्षरं नीट जुळवतं, मात्र वर्षाला १० लाख डॉलरपेक्षा कमी उलाढाल असलेल्या कंपन्यांनाच ते विनामूल्य आहे. निवडण्याआधी 'श्री', 'कृषी', 'र्‍हस्व', 'द्राक्ष', 'ज्ञानेश्वर' एवढे शब्द छापून कागद डोळ्यांनी तपासा.

अंकगणित

पोस्टग्रेसची गरज संपली का, तर आजची घाई संपली. पीडीएफ डेटाबेसमध्ये ठेवायची गरज नाही, बिलाच्या ओळींवरून ती हवी तेव्हा पुन्हा काढता येते. फक्त छापताना जो पत्ता, जीएसटी क्रमांक आणि दर होते ते बिलाच्या ओळीतच साठवलेले असू द्या, मास्टर टेबलवरून आणू नका. नाहीतर दुकानाचा पत्ता बदलला की जुनी बिलंही नव्या पत्त्याने निघतील. हे तपासून मगच कॉलम रिकामा करा, आणि त्याआधी पूर्ण बॅकअप घ्या.

जुने ग्राहक यावर निभावतील. नवीन दुकानांना मात्र पोस्टग्रेसच द्या. दोन्ही डेटाबेस काही काळ सांभाळावे लागतील, तेव्हा एसक्यूएल एका प्रकल्पात गोळा करा आणि स्टोअर्ड प्रोसिजरमधला (डेटाबेसमध्येच ठेवलेल्या कोडमधला) धंद्याचा हिशोब सी शार्पमध्ये आणा. सुरुवात स्टॉक रिपोर्टपासून करा, त्यात नुसतं वाचन असतं. बिल सेव्ह करणारा भाग शेवटी घ्या.

विहंग

मराठी छापतो, आणि 'किसान' तसाच मोडका येतो हे ग्राहकांनी कळवलंही आहे. लायसन्सची यादी आजच सुरू करतो. एकच विचारायचं राहिलं: गावांची नावं मराठी क्रमाने लावायला पोस्टग्रेसमध्ये काही वेगळं करावं लागेल का?

पाटी_पेन्सिल

हो. आयसीयू (भाषेनुसार क्रम लावणारी लायब्ररी) प्रोव्हायडर आणि एमआर-आयएन (मराठी, भारत) लोकेल देऊन एक कोलेशन तयार करा आणि ते त्या कॉलमालाच लावा, प्रत्येक क्वेरीत लिहीत बसू नका. पोस्टग्रेसची मोठी आवृत्ती बदलली की सोबतचं आयसीयूही बदलू शकतं. तेव्हा त्या कॉलमावरचे इंडेक्स रीइंडेक्स करा (नव्याने बांधा) आणि मग कोलेशनवर रिफ्रेश व्हर्जन चालवा. हा क्रम उलटा केला तर आवृत्ती बदलल्याचा इशारा बंद होतो आणि इंडेक्स मात्र जुन्याच क्रमात राहतो.