विनोदाने रहस्य पातळ होत नाही

समलिंगी नायकांच्या प्रेम-रहस्यकथांत विनोद आला की रहस्याची धार जाते, असं काही वाचक म्हणतात. मला तो अजिबात पटत नाही.

जॉश लॅनियन यांची एड्रियन इंग्लिश मालिका घ्या. पहिलं पुस्तक ‘फेटल शॅडोज’, २००० सालचं. एड्रियन लॉस एंजेलिस भागात रहस्यकथांचं दुकान चालवतो, स्वतःही रहस्यकथा लिहितो, आणि त्याचं हृदय अधू आहे. दुकानात काम करणाऱ्या जुन्या मित्राचा खून होतो आणि पोलिसांना पहिला संशय येतो तो एड्रियनवरच. म्हणजे हा हौसेचा तपास नाही, गळ्याशी आलंय म्हणून केलेला आहे. गोष्ट तोच सांगतो, आणि भीती वाटली की त्याची जीभ जास्तच तिखट चालते. विनोद तिथून येतो, वरून शिंपडलेला नाही. त्यात एड्रियनचा जीव ज्याच्यावर जडतो तो पोलीस डिटेक्टिव्ह जेक रिऑर्डन आपण समलिंगी आहोत हे साऱ्या खात्यापासून लपवून आहे. खुनाइतकंच प्रेमही लपवायचं! पुढच्या पुस्तकांत हा ताण खुनी कोण यापेक्षाही जास्त खेचत नेतो.

त्याआधीचं हवं असेल तर नेथन ऑल्डाइन या टोपणनावाने आलेलं ‘व्हर्मिलियन’ (१९८०) वाचा. बॉस्टनचा बारटेंडर डॅनियल व्हॅलेंटाइन आणि त्याची मैत्रीण क्लॅरिस, दोघांची जुगलबंदी झकास आहे. प्रणय मात्र तिथे कमी, त्यासाठी लॅनियनच. मालिका क्रमानेच वाचा, जेकचं काय होतं ते आधी कळलं तर मजा जाईल.