नारासाठी अर्धा दिवस? नको हो!

जपानच्या सहलीत पहिल्या दिवशी नारा हे जुनं शहर दुपारपर्यंत उरकून क्योटो गाठावं, असं काही जण सुचवतात. माझं मत उलट. क्योटो काही पळून जात नाही. नारातल्या तोदाइजी या बौद्ध मंदिरात घाईने शिरू नका. आधी नानदाइमोन या त्याच्या दक्षिणेकडच्या मोठ्या दरवाजातले दोन लाकडी द्वारपाल नीट बघा: १२०३ सालचे, आठ मीटरहून उंच, अंगावरच्या शिरा तट्ट फुगलेल्या. आतल्या महाबुद्धाच्या मूर्तीचं नेत्रोन्मीलन, म्हणजे डोळे रंगवण्याचा विधी, ७५२ मध्ये बोधिसेन या भारतीय भिक्षूने केलं. त्याच्या कुंचल्याला बांधलेली लांब दोरी जमलेल्यांनी धरली होती, म्हणजे पुण्याईत सगळ्यांचा वाटा! इथली मोकळी फिरणारी हरणं मान लववतात खरी, पण बिस्किटं दिसली की सदरा ओढतात, हातातला नकाशाही खातात. संध्याकाळी वर टेकडीवरच्या निगात्सुदो या तोदाइजीच्याच मंदिराच्या सज्जात जा. गाव छान दिसतं आणि तिथे तिकीट नाही.