मदत हवी आहे: पहिला भाग न बघता दुसरा कळेल का?

राम राम मंडळी! शनिवारी चोपड्याहून मावशी येतेय. भरीत-पुरीचा बेत आहे आणि जेवण झाल्यावर तिला ‘फिर आई हसीन दिलरुबा’च बघायचाय. तोच, २०२४ चा, तापसी पन्नू आणि विक्रांत मेस्सीचा सिनेमा. पहिला भाग (२०२१) तिने पाहिलेला नाही.

मी दोन्ही पाहिलेत. दुसऱ्यात राणी-रिशू हे नवरा-बायको आग्र्यात लपूनछपून राहतात. पण जिमी शेरगिलचा पोलीस हा पहिल्या भागात मारल्या गेलेल्या नीलचा काका आहे, आणि नील कोण हेच माहीत नसेल तर तो एवढा पेटलेला का, ते कसं कळणार? रिशूचा एक हात तुटलेला का, हे तर पहिल्याच सीनपासून विचारेल ती! तोंडी गोष्ट सांगून भागेल, की सरळ दोन्ही लावू? सासूबाईही बसणार आहेत, त्यामुळे दोन्हींतला कोणता जास्त अवघडवेल तेही सांगा. (पहिला, माझ्या मते.)

आणखी एक. माझा नेटफ्लिक्सचा प्लॅन मोबाईलवाला आहे, टीव्हीवर लागत नाही. महिनाभर वरचा घेतला तर नंतर परत मोबाईलवर येता येतं का? कोणी केलंय?