लपवून बाळगायचं पिस्तूल: एकच ठेवावं की ऋतूप्रमाणे बदलावं?

केटीकर:
टेक्सासमध्ये १ सप्टेंबर २०२१ पासून, २१ वर्षं पूर्ण झालेल्या आणि कायद्याने मनाई नसलेल्या माणसाला परवान्याशिवायही पिस्तूल अंगावर बाळगता येतं. बाळगावं का, हा वाद इथे नको. ज्यांनी ठरवलंय त्यांनी एकच ठेवावं की आलटून पालटून दोन-तीन वापरावीत, एवढंच बोलूया.

मी बदलण्याच्या बाजूने आहे. ह्यूस्टनच्या उन्हाळ्यात पातळ टी-शर्टखाली ग्लॉक १९ लपत नाही, मूठ वर आलेली दिसतेच. तेव्हा सिग पी३६५ बरं पडतं. आकाराने लहान, तरी मॅगझिनमध्ये, म्हणजे मुठीत बसणाऱ्या काडतुसांच्या पेटीत, दहा काडतुसं बसतात. जाकिटाचे दिवस आले की ग्लॉक. त्यात पंधरा बसतात, हातात भरून येतं, नेमही चांगला लागतो. अगदी कोपऱ्यावर जायचं असेल तर खिशात पाच गोळ्यांचं ‘स्मिथ अँड वेसन ६४२’ रिव्हॉल्वर. शिवाय स्वसंरक्षणात कधी गोळी झाडावी लागलीच, तर पोलीस ते हत्यार पुरावा म्हणून नेतात. दुसरं हाताशी असलेलं बरं.

अप्पा_प्लेनो:
साफ असहमत. ग्लॉकचा चाप साधारण साडेपाच पौंडांच्या दाबाने सुटतो. ६४२ चा त्याच्या दुप्पट जड आणि लांब. एक कमरेला, एक खिशात. जीव घाबरा झाला की माणूस विचार करत नाही, हात जिथे सवयीने जातो तिथेच जातो. मंगळवारी खिशात हत्यार आणि हात कमरेला, हे परवडणारं नाही.

दुसरा मुद्दा त्याहून मोठा. पिस्तूल बदलायचं म्हणजे एक रिकामं करायचं, दुसरं भरायचं. चेंबरमधलं, म्हणजे नळीच्या मागच्या टोकाशी झाडायला तयार बसलेलं, काडतूस काढून तेच परत मॅगझिनमध्ये सगळ्यात वर बसवतात, स्लाइड (पिस्तुलाचा वरचा, मागेपुढे सरकणारा भाग) सोडली की ते पुन्हा चेंबरमध्ये आपटतं. असं वारंवार झालं की गोळी पुंगळीत आत सरकते. आतली जागा कमी होते आणि बार उडताना दाब धोकादायक वाढू शकतो. नव्या काडतुसाशेजारी ते उभं करून बघा, बुटकं झालेलं डोळ्यांना दिसतं.

केटीकर:
अप्पा, गोळी आत सरकते हे खरं, म्हणूनच मी रिकामं करतच नाही. भरलेलं पिस्तूल होल्स्टरसकट, म्हणजे त्याच्या म्यानासकट, कमरेवरून काढायचं, तसंच तिजोरीत ठेवायचं आणि दुसरं त्याच्या होल्स्टरसकट उचलायचं. चाप सतत झाकलेला राहतो, त्याला बोट लागायचा प्रश्नच येत नाही.

पर्लंडची_ताई:
केटीकरदादा, म्हणजे घरात एकाच वेळी तीन भरलेली हत्यारं! माझा विरोध तिथे आहे. १७ वर्षांखालच्या मुलाच्या हाती भरलेलं हत्यार लागेल असं निष्काळजीपणे ठेवणं हा टेक्सासमध्ये गुन्हा आहे. आणि कायदा राहू द्या, अमेरिकेत बंदुकीने होणाऱ्या मृत्यूंपैकी निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. घरात कोणी खचलेलं असेल तर बाहेरच्या चोराइतकाच हाही विचार करायला हवा.

आता आपल्या लोकांचं सांगते. गणपतीला तुम्ही झब्बा-पायजमा घालता. नाडीवर होल्स्टर टिकत नाही, त्याला जाड पट्टा लागतो. साडीत तर सोयच नाही, मग बायका पर्समध्ये ठेवतात आणि पर्स खुर्चीवर ठेवून आरतीला उभ्या राहतात. कार्यक्रम शाळेच्या सभागृहात असेल तर इमारतीत हत्यार न्यायला मनाई, परवाना असला तरी. मग ते गाडीत राहतं आणि काच फोडून चोरीला जातं. प्रत्येक कपड्याला वेगळं पिस्तूल हा त्यावरचा उपाय नव्हे. त्या दिवशी ते घरीच कुलपात ठेवावं.

सॅनहोजेकर:
ही चर्चा टेक्सासपुरती ठीक आहे. आमच्या कॅलिफोर्नियात परवान्यावर प्रत्येक पिस्तुलाचा अनुक्रमांक नोंदलेला असतो. त्या यादीबाहेरचं अंगावर चालत नाही. भारतात तर २०१९ च्या दुरुस्तीने परवानाधारकाला तीनऐवजी दोनच हत्यारं ठेवता येतात.

एक गोष्ट सगळ्यांनीच लक्षात घ्या. एच-१बी (नोकरीचा), एच-४ (एच-१बीवाल्याच्या कुटुंबाचा) किंवा पर्यटक व्हिसावरच्या माणसाला, शिकारीचा परवाना वगैरे मोजके अपवाद सोडले, तर केंद्रीय कायद्याने बंदूक ताब्यात ठेवता येत नाही. ग्रीन कार्डवाल्यांना चालतं. तुम्ही नागरिक असाल, पण भारतातून आलेल्या आईवडिलांना तिजोरीचा आकडा सांगून ठेवू नका.

केटीकर:
ताई, गणपतीला घरी ठेवण्याचा मुद्दा मान्य. पण ऋतूचा प्रश्न उरतोच. ऑगस्टमध्ये फक्त ग्लॉक ठेवलं तर माणूस कंटाळून ते घरीच सोडतो. माझ्या पी३६५ आणि ग्लॉक दोन्हींना अंगठ्याने सरकवायचा सुरक्षा-खटका नाही, दोन्ही मी उजव्या कुशीला एकाच जागी लावतो. हात एकाच सवयीने जातो.

अप्पा_प्लेनो:
मग पी३६५ च बारा महिने लावा! जाकिटाखाली लहान पिस्तूल लपतंच की. पाच गोळ्या जास्त मिळाव्यात म्हणून वर्षातून दोनदा पकड बदलायची, हे मला पटत नाही. दोन्हींचा सराव सारखाच आहे म्हणत असाल तर रेंजवर टायमर लावून शर्टाखालून दोन्ही काढून बघा, सात यार्डांवर. सिगची मूठ आखूड, साध्या मॅगझिनवर करंगळी नीट टेकत नाही. फरक कागदावर दिसेल. आणि ते रिव्हॉल्वर विकून टाका, त्या पैशांत सरावाची काडतुसं घ्या.

केटीकर:
रिव्हॉल्वर विकणार नाही. बायकोला स्लाइड ओढायला जड जाते, तिचा हात त्याच्यावरच बसलाय. ते यापुढे फक्त तिचं. टायमर लावून बघतो, पण थंडीत ग्लॉक राहणार.