एक्सबॉक्स ३६०: तीन लाल दिवे, खरं कारण कोणतं?

प्रश्न: मायक्रोसॉफ्टच्या एक्सबॉक्स ३६० या गेम कन्सोलवर तीन लाल दिवे लागले म्हणजे बोर्डावरचं सोल्डर (भाग जोडणारा धातू) तुटलं, असं सगळीकडे वाचतो. खरंय का? गेमिंग मासिकांवर विश्वास ठेवावा का?

उत्तर १: आधी बिघाडाचा कोड काढा. दिवे लुकलुकताना सिंक बटण दाबून धरा, इजेक्ट चारदा दाबा. दर वेळी जितके दिवे लागतील तो एक आकडा. चारही दिवे म्हणजे शून्य. ०१०२ आला तर बहुधा जीपीयूचा (ग्राफिक्सच्या चिपचा) सांधा गेलाय.

उत्तर २: पण कुठला सांधा? बहुतेकदा बोर्डावरचा नाही, तर चिप आणि तिच्या सबस्ट्रेटमधला (चिप ज्या छोट्या पाटीवर बसवलेली असते ती). तापून-थंडावून तडकतो. कन्सोल टॉवेलात गुंडाळून तापवणं, हीट गनने तापवणं हे उपाय तात्पुरतेच. (टॉवेलने आग लागायची भीती वेगळीच.)

उत्तर ३: मासिकांचं म्हणाल तर, ३ ते ५ टक्केच कन्सोल बिघडतात हा कंपनीचा आकडा अनेकांनी न तपासता छापला. जुलै २००७ मध्ये याच बिघाडासाठी वॉरंटी ३ वर्षांची झाली, शंभर कोटी डॉलरहून जास्त तरतूदही झाली. त्या आकड्याशी हे जुळतं का बघा.