ऑफ-टॉपिक की पत्ता चुकलेला?
स्टॅक ओव्हरफ्लो या प्रश्नोत्तरांच्या साइटबद्दल काही जण म्हणतात की ऑफ-टॉपिक, म्हणजे साइटच्या विषयाबाहेरचे, प्रश्न बंद करणं (त्यावर नवीन उत्तरं घेणं थांबवणं) म्हणजे नवख्यांना हाकलून लावणं. अर्धंच पटतंय. स्टॅक ओव्हरफ्लो 2008 ला निघालं ते प्रोग्रॅमिंगसाठी, मग सर्व्हर सांभाळणाऱ्यांचे आणि साध्या कॉम्प्युटर वापरणाऱ्यांचे प्रश्न कुठे न्यायचे, म्हणून तर 2009 मध्ये सर्व्हर फॉल्ट आणि सुपर युजर या साइट्स वेगळ्या काढल्या ना. म्हणजे प्रश्न वाईट नसतो, पत्ता चुकलेला असतो. आणि बंद केलेला प्रश्न लगेच डिलीट होत नाही, एडिट करून परत उघडता येतो, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं.

"कोणती लायब्ररी (तयार कोडचा संच) बेस्ट" टाइप प्रश्न मात्र बंद केलेलेच बरे. ज्याची त्याची आवड, थोड्या दिवसांत उत्तरं शिळी, वर कुणीतरी येऊन स्वतःचंच प्रॉडक्ट खपवून जातो.

पण गोची कुठे होते बघा, एखादा विचारतो की स्क्रिप्ट हाताने चालवली की चालते, क्रॉनमधून (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणाऱ्या प्रोग्रॅममधून) चालत नाही. आता हा कोडचा प्रश्न की सिस्टिमचा? बऱ्याचदा भानगड एवढीच असते की क्रॉनला आपला नेहमीचा पाथ (कमांड कुठल्या फोल्डरांत शोधायच्या ती यादी) मिळत नाही, पण हे त्या बिचाऱ्याला ठाऊक असतं तर त्याने विचारलंच कशाला असतं! तिथे नुसतं ऑफ-टॉपिक चिकटवून जाण्यापेक्षा "क्रॉनटॅबमध्ये (क्रॉनच्या कामांच्या यादीत) कमांडचा पूर्ण पाथ देऊन बघ, नाही जमलं तर सुपर युजरवर टाक" एवढं टाइप करायला असा कितीसा वेळ लागतो?